कणा ‘सरकणे’ आणि कणा ‘डळमळणे’

पाठीत किंवा मानेत अकस्मात दुखू लागले की ‘मणका सरकला’ असे म्हणण्याची रीत भारतातील अनेक भाषांत आहे. महाराष्ट्रात पाठीत उसण भरली किंवा चमक निघाली, तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याचा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उत्तर प्रदेशात हेच काम हाडे बसविणारा पहिलवान किंवा जर्राह करतो. रुग्णालयातील डॉक्टर क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून दोन मणक्यांमधील अंतर मोजतो आणि तोही पुष्कळदा ‘मणका सरकला आहे’ हेच शब्द उच्चारतो. रुग्णाला वाटते की तिघांनी एकच गोष्ट सांगितली. वस्तुतः तिघांनी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. कोणी बोटांना काय जाणवले ते सांगतो, कोणी चित्रात काय दिसले ते सांगतो, तर कोणी पुढे काय घडण्याचा धोका आहे ते सांगतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाले तर साध्या दुखण्यावर शस्त्रक्रियेचे ओझे पडते, किंवा याच्या उलट, ज्या मानेला हातही लावू नये ती मान पिळली जाते.

या प्रश्नाचा विचार करण्यास लखनौ हे शहर फार सोयीचे आहे. भारतातील बहुतेक सर्व उपचारपरंपरा येथे शेजारी शेजारी नांदतात. झवाई टोला येथील हकीम घराण्यातील हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये तकमील-उत-तिब हे युनानी वैद्यकाचे विद्यालय स्थापन केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०५ मध्ये, किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची कोनशिला बसविण्यात आली आणि १९११ मध्ये तेथील शिक्षणास आरंभ झाला. आज ही संस्था वैद्यकीय विद्यापीठ आहे. शहराच्या दक्षिणेस रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. १९८३ च्या कायद्याने तिला रूप मिळाले. मान आणि कवटी यांच्या सांध्यावरील शस्त्रक्रियांसाठी या संस्थेचे नाव देशाबाहेरही परिचित आहे. पूर्व उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून मानेचे दुखणे घेऊन येणारा रुग्ण येथे पोहोचेपर्यंत यांपैकी अनेक दारांवरून गेलेला असू शकतो.

बोटांचा पुरावा

क्ष-किरणांचा शोध १८९५ मधील. त्यापूर्वीच्या सर्व वैद्यकाला हाडाची जागा कळत असे ती डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्‌क्षिप्त. हाड चेपले गेले की सैल झाले, फिरले की खाली गेले, पलीकडे गेले की तिरपे झाले, असा हा हिशेब आहे. म्हणजे येथे व्याख्येचा पाया ‘हाड कोठे गेले’ हा आहे. परंतु सुश्रुताचा उपचार पाहिला तर त्यात आणखी एक विचार दडलेला दिसतो. पाठीचा कणा, कंबर, छाती इत्यादींच्या भंगामध्ये रुग्णाला फळीवर निजवून, खुंट्या ठोकून बांधून ठेवावे असे तो सांगतो. या पद्धतीला कपाटशयन म्हणतात. हाड जागेवर आणणे पुरेसे नाही, ते जागेवर राहिले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. ‘अस्थिरता’ हा शब्द त्याने वापरला नसेल. पण त्या कल्पनेची गरज त्याला भासली होती.

युनानी परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे इब्न सीनाचा ‘अल-कानून’. त्यातही हाडे मोडणे आणि सांधा निखळणे यांना स्वतंत्र स्थान आहे. निखळण्याला तेथे ‘ख़ला’ म्हणतात. येथेही मुख्य लक्ष हाडाच्या स्थानाकडे आहे. जर्राह आणि पहिलवान यांच्या हातांना हाच वारसा मिळाला आहे. खांदा किंवा कोपर निखळला असता या हातांचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही, कारण तेथे स्थानभ्रंश त्वचेखाली स्पष्ट जाणवतो. कण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे बोटांना लागतात ती मणक्यांच्या मागील काट्यांची टोके. हे काटे निरोगी माणसातही अनेकदा जरा वाकडे, आखूड किंवा एका बाजूस झुकलेले असतात. टोक तिरपे लागले म्हणून मणका तिरपा झाला, असे अनुमान काढता येत नाही. निरनिराळ्या तपासनिसांनी एकाच पाठीची चाचपणी केली असता त्यांच्या निष्कर्षांत फारसा मेळ बसत नाही, असे या विषयावरील अभ्यासांत पुन:पुन्हा आढळले आहे.

एका शब्दाची दोन आयुष्ये

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातांनी उपचार करणारे दोन पंथ उदयास आले. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची घोषणा केली. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिक या पद्धतीचा आरंभ केला. पामर यांचा सिद्धान्त असा होता की मणक्यांच्या बारीकशा सरकण्यामुळे मज्जातंतूंच्या कार्यात बिघाड होतो आणि त्यातून रोग उद्‌भवतात. या सरकण्याला त्यांनी ‘सबलक्सेशन’ म्हटले.

हा शब्द त्यांनी नवा घडविला नव्हता. शल्यविद्येत तो पूर्वीपासून होता आणि आजही आहे. शल्यचिकित्सक सबलक्सेशन म्हणतो तेव्हा सांध्याची दोन पृष्ठे एकमेकांपासून अंशतः ढळलेली असतात आणि ती ढळलेली चित्रात दिसतात. कायरोप्रॅक्टिकमधील सबलक्सेशन मात्र चित्रात दिसलेच पाहिजे असे नाही. ते सांध्याच्या कार्यातील दोषाचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हा फरक मुद्दाम नोंदविलेला आहे. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेने २०१० मध्ये त्यापुढे एक पाऊल टाकले. सबलक्सेशनची ही कल्पना ऐतिहासिक स्वरूपाची असून ती रोगाचे कारण आहे असा दावा करण्यास संशोधनाचा आधार नाही, असे तिने जाहीर केले. ऑस्टिओपॅथांनीही जुना ‘ऑस्टिओपॅथिक लीजन’ हा शब्द मागे टाकून ‘शारीर क्रियादोष’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. त्यांचा भर आता हाडाच्या स्थानावरून सांध्याच्या हालचालीवर आला आहे.

हातांनी केलेल्या उपचाराने कंबरदुखीत काही रुग्णांना काही काळ आराम पडतो, हे खरे आहे. परंतु त्या आरामावरून ‘मणका सरकला होता आणि तो बसला’ हे सिद्ध होत नाही. उपचारानंतर घेतलेल्या चित्रात मणके बहुधा पूर्वी होते तेथेच असतात. सांध्यातून येणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्यामुळे होतो. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे.

वाकडा पण स्थिर, सरळ पण अस्थिर

पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ मणके एकमेकांवर हलू शकतात. उरलेले माकडहाडापर्यंत परस्परांत जुळलेले असतात. कण्याकडे तीन कामे आहेत. शरीराचा भार वाहणे हे पहिले, वाकणे आणि वळणे शक्य करणे हे दुसरे, आणि आतून जाणाऱ्या मेरुरज्जूचे रक्षण करणे हे तिसरे. स्थानदोष आणि अस्थिरता यांतील भेद या कामांवरून समजतो. स्थानदोष म्हणजे एखाद्या क्षणी मणका आपल्या नेहमीच्या ओळीत नसणे. अस्थिरता म्हणजे नेहमीच्या भाराखाली व हालचालीत मणक्याला आपली ओळ टिकवता न येणे. पहिली गोष्ट छायाचित्रात मावते. दुसरी कळण्यासाठी काळ आणि भार यांचा विचार करावा लागतो.

भारतात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कण्याचा क्षयरोग. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि कण्याचा क्षय येथील अस्थिरोग विभागांना नित्याचा आहे. या रोगात मणक्याचा पुढील भाग झिजून पाठीला कुबड येते. औषधांनी रोग बरा झाला की प्रौढ माणसात झिजलेले मणके पुष्कळदा एकमेकांत जुळून येतात. कणा कायमचा वाकडा राहतो, पण तो हलत नाही. चित्र भयावह दिसले तरी धोका ओसरलेला असतो. वाराणसीचे सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘मध्यममार्गा’चे मर्म हेच होते. औषधोपचार सर्वांना द्यावा. शस्त्रक्रिया मात्र मेरुरज्जूवरील दाब न हटणे, कणा अस्थिर होणे अशा निवडक कारणांसाठीच करावी.

लहान मुलांत मात्र रोग बरा झाल्यावरही कुबड वाढत जाऊ शकते. ते कोणत्या मुलात वाढेल हे आधी ओळखण्यासाठी कोइंबतूरचे एस. राजशेखरन यांनी २००१ मध्ये क्ष-किरण चित्रातील चार चिन्हे सांगितली: मागील लहान सांधे विलग होणे, रोगग्रस्त मणक्याचा भाग मागे ढकलला जाणे, मणके एका बाजूस सरकणे आणि वरचा मणका पुढे कलंडणे. चिन्हे जितकी अधिक, तितका धोका मोठा. येथे स्थानदोष अस्थिरतेची वार्ता देतो, पण तो स्वतः अस्थिरता नव्हे.

अभियंत्याची दृष्टी

इंग्लंडमधील निकोल यांनी १९४९ मध्ये खाणकामगारांच्या मणक्यांच्या भंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोडलेला मणका हुबेहूब पूर्ववत झाला नाही तरी अनेक कामगार कामावर परतले होते. त्यामुळे त्यांनी ‘स्थिर’ आणि ‘अस्थिर’ भंग असा भेद केला. १९६३ मध्ये शेफील्डच्या होल्ड्सवर्थ यांनी मागील अस्थिबंध शाबूत आहेत की तुटले आहेत यास निर्णायक महत्त्व दिले. १९८३ मध्ये फ्रान्सिस डेनिस यांनी कण्याची तीन स्तंभांत विभागणी केली आणि अस्थिरतेच्या तीन श्रेणी सांगितल्या. पहिली यांत्रिक, म्हणजे कणा पुढे वाकण्याचा धोका असणारी. दुसरी मज्जाविषयक, म्हणजे मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका असणारी. तिसरी दोन्ही धोके एकत्र असणारी.

सर्वाधिक प्रचलित व्याख्या ऑगस्टस व्हाइट आणि मनोहर पंजाबी यांची आहे. पंजाबी हे भारतात जन्मलेले अभियंते. अमेरिकेतील येल विद्यापीठात त्यांनी कण्याच्या यंत्रशास्त्राचा पाया रचला. नेहमीच्या भाराखाली मेरुरज्जूला इजा, मोठी विकृती किंवा असह्य वेदना होणार नाही अशा रीतीने आपली हालचाल मर्यादेत ठेवण्याची शक्ती कणा गमावतो, तेव्हा त्यास चिकित्सादृष्ट्या अस्थिर म्हणावे, असा तिचा आशय आहे. मानेच्या खालच्या भागासाठी त्यांनी मापेही दिली. दोन मणक्यांमध्ये ३.५ मिलिमीटरहून अधिक सरकणे किंवा शेजारच्या जोडीपेक्षा ११ अंशांहून अधिक कोन होणे ही धोक्याची चिन्हे होत. मात्र एका मापावर निर्णय न देता अनेक चिन्हांच्या गुणांची बेरीज करावी, असे त्यांनी सांगितले. कंबरेच्या बाबतीत असे एकमत आजही नाही. पुढे वाकून व मागे झुकून घेतलेल्या चित्रांत कोणी ३ मिलिमीटर सरकणे पुरेसे मानतो, कोणी ४ किंवा त्याहून अधिक. एकच रुग्ण एका दवाखान्यात स्थिर आणि दुसऱ्यात अस्थिर ठरू शकतो तो यामुळे.

भौतिकोपचार करणाऱ्यांची अस्थिरता पुन्हा निराळी आहे. पंजाबी यांनीच १९९२ मध्ये असे मांडले की कण्याचे स्थैर्य तीन गोष्टींवर अवलंबून असते: हाडे व अस्थिबंध, स्नायू, आणि स्नायूंना आज्ञा देणारी मज्जासंस्था. सांध्याची हालचाल जेथे जवळजवळ विनाविरोध होते त्या पट्ट्यास त्यांनी ‘तटस्थ क्षेत्र’ म्हटले. हे क्षेत्र वाढले की स्नायूंना अधिक दक्ष राहावे लागते. अशा रुग्णाचे चित्र निर्दोष असू शकते, आणि उपाय व्यायाम हा असतो. त्याला ‘तुमचा कणा अस्थिर आहे’ असे सांगितले, तर तो शल्यचिकित्सकाच्या अर्थाने ते ऐकतो आणि भीतीने हालचालच बंद करतो. हा शब्दाने केलेला अपाय होय.

कर्करोगाच्या गाठींनी पोखरलेल्या मणक्यांसाठी २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ० ते १८ गुणांची पद्धत ठरविली. ६ पर्यंत कणा स्थिर, ७ ते १२ संभाव्य अस्थिर, १३ पासून पुढे अस्थिर. त्यात सहा बाबी पाहतात. मणक्यांची ओळ बिघडणे ही त्यांपैकी केवळ एक आहे. हालचालीने वाढणारी वेदना, मणक्याची जागा, हाडाची झीज या इतर बाबींनाही गुण आहेत.

मानेच्या माथ्यावर

लखनौच्या संजय गांधी संस्थेत ज्या रोगाने या सर्व व्याख्यांची कसोटी घेतली, तो म्हणजे मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील स्थानभ्रंश. पहिला मणका अ‍ॅटलास हा कड्यासारखा असतो. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा खुंट त्या कड्यात पुढच्या बाजूस बसतो आणि एक मजबूत आडवा बंध त्यास जागेवर धरून ठेवतो. खुंट व कडे यांतील अंतर प्रौढात ३ आणि मुलात ५ मिलिमीटरहून अधिक झाले तर ते विकृत समजतात. बंध दुबळा असेल किंवा खुंट जन्मतःच अपुरा असेल, तर मान पुढे वाकविताच कडे पुढे घसरते आणि मेरुरज्जू चिमटीत सापडतो. मान मागे घेतली की सर्व पूर्ववत दिसते. क्षयग्रस्त पाठीच्या अगदी उलट अशी ही अवस्था आहे: चित्रात सरळ, पण अस्थिर.

भारतात या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी. १९६७ मध्ये त्यांनी जन्मजात स्थानभ्रंशामुळे मेरुरज्जूस इजा झालेल्या २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळ रुग्णांत अ‍ॅटलास कवटीलाच जुळलेला असतो. अशा वेळी दोन मणके तारेने बांधायचे तर तार ओवण्यास जागा उरत नाही. लखनौचे व्ही. के. जैन आणि त्यांचे सहकारी यांनी कवटीच्या मागील हाडातच एक लहानसा पूल कोरून त्यातून तार ओवण्याची रीत १९९३ मध्ये वर्णिली. १९९४ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अतुल गोयल आणि लाहेरी यांनी दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या सांध्यांत स्क्रू व पट्टी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

येथे साधनाने व्याख्या बदलली. पूर्वी मान मागे करूनही जो मणका जागेवर येत नसे त्यास ‘न बसणारा’ स्थानभ्रंश म्हणत आणि तो पुष्कळदा स्थिरच मानला जाई. सांधा उघडून, तो फाकवून मणका बसविता येतो हे दिसल्यावर ‘न बसणारा’ या शब्दाचा अर्थच आकुंचित झाला. गोयल यांनी २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन खुंटाऐवजी बाजूच्या सांध्याकडे पाहणारे वर्गीकरण मांडले. अ‍ॅटलासचे सांध्यपृष्ठ दुसऱ्या मणक्याच्या पृष्ठापुढे असेल तर ‘अ’, मागे असेल तर ‘ब’, आणि दोन्ही समपातळीत असूनही शस्त्रक्रियेच्या वेळी सांधा सैल आढळला तर ‘क’. हीच अस्थिरता कियारी विकृतीच्या मुळाशी असते, असे प्रतिपादन त्यांनी २०१५ मध्ये केले. अनेक शल्यचिकित्सकांना ते मान्य नाही. कवटीच्या मागील जागा मोकळी केल्यानेच पुष्कळ रुग्णांना बरे वाटते, मग सांधा कायमचा जखडून मानेचे वळणे का गमवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय जी अस्थिरता केवळ शस्त्रक्रियेच्या मेजावर हाताला जाणवते, तिची शहानिशा दुसऱ्याने कशी करावी, हाही आक्षेप आहे. बोटांच्या पुराव्याचा जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा समोर उभा राहिला आहे.

व्याख्येची किंमत

वीस वर्षांच्या निरोगी माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशी वर्षांच्या माणसांपैकी सुमारे ९६ टक्क्यांच्या कण्यातील चकत्यांत, कसलीही वेदना नसताना, झीज दिसते, असा निष्कर्ष २०१५ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला. म्हणून चित्रातील प्रत्येक वेडेवाकडेपणा हा रोग नव्हे. दुसरीकडे, चालताना पाय अडखळणे, हातांतील पकड सैल पडणे, बोटांना बधिरपणा येणे, मलमूत्रावरचा ताबा जाणे, किंवा ज्वर आणि वजन घटणे यांसह पाठ दुखणे ही लक्षणे असताना मान किंवा पाठ जोराने पिळणे हे प्राणावर बेतू शकते. क्षयाने पोखरलेल्या किंवा जन्मतः सैल असलेल्या मणक्याला ‘सरकलेला’ समजून बसवू पाहणारा हात मेरुरज्जूस कायमची इजा करू शकतो. त्या हातात कौशल्य कमी असते असे नव्हे. एका व्याख्येचे कौशल्य दुसऱ्या व्याख्येच्या रोगावर चालविले जाते.

‘मणका सरकला आहे’ हे वाक्य कोणाही उपचारकाकडून ऐकले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कशावरून कळले: बोटांनी, चित्रावरून, की हालचाल करून घेतलेल्या चित्रांवरून? सरकलेला मणका हलतो आहे, की त्याच जागी स्थिर झाला आहे? आणि त्यापासून मेरुरज्जूस, शरीराच्या आकारास किंवा कामकाजास नेमका कोणता धोका आहे? लखनौच्या हकिमाला, पुण्याच्या हाडवैद्याला आणि मोठ्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकाला हे प्रश्न सारखेच लागू पडतात. ज्याच्यापाशी त्यांची स्पष्ट उत्तरे नसतील, त्याच्या हाती कणा देण्यापूर्वी दुसऱ्याचे मत घेणे शहाणपणाचे होय.